सोफ्यावर येते, गादीवर पळते

रात्रीचे साडेनऊ. टीव्हीवर मालिका चालू असते. बाबांची मान आधी उजवीकडे कलते, मग हनुवटी छातीला टेकते आणि हातातला रिमोट सोफ्याच्या फटीत घसरतो. आई तो काढून टीव्ही बंद करते. त्याच क्षणी, डोळे न उघडता, बाबा म्हणतात, "अगं, बघतोय मी!"

"काय बघताय? अहो, आत जाऊन नीट झोपा."

मग बाबा उठतात. गॅस बंद आहे ना ते बघतात, दाराची कडी दोनदा ओढून बघतात, बेसिनवरचा पांढरा दिवा लावून दात घासतात आणि गादीवर आडवे होतात. तिथून पुढे साडेबारापर्यंत पंख्याची पाती मोजत पडून राहतात. सकाळी चहा घेताना तक्रार ठरलेली: "वयानं झोपच गेली बघ माझी."

झोप गेलेली नाही, हे तर आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग प्रश्न असा, की टीव्हीच्या गोंगाटात, लख्ख उजेडात, मान वाकडी करून जी झोप फुकटात आली, ती शांत खोलीत, काळोखात, चांगल्या गादीवर का येऊ नये? माणूस तोच, रात्र तीच. मधे गेली ती फक्त दहा मिनिटं.

या दहा मिनिटांत काय बिघडतं, ते कळायला आधी झोप कोण आणतं ते बघावं लागतं. तिला आणणारे दोघे आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी फारसं बोलणं नसतं.

चुलीतली राख

पहिल्याचं काम सोपं आहे. चुलीत दिवसभर लाकडं जाळली की राख साठते. मेंदूच्या पेशीही दिवसभर इंधन जाळत असतात आणि त्या जळण्यातून ॲडेनोसिन नावाचा पदार्थ मागे उरतो. आपण जितका वेळ जागे, तितका तो साठत जातो. साठला की मेंदूला जागं ठेवणाऱ्या पेशी मंदावतात, पापण्या जड होतात. झोपेत ही राख उपसली जाते, आणि सगळ्यात जोरात उपसली जाते ती रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत. साठलेल्या या ओझ्याला शास्त्रज्ञ झोपेचा दाब म्हणतात. झुरिकचे आलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली झोपेचं जे गणित मांडलं, त्यातला अर्धा भाग हा दाब आहे. उरलेल्या अर्ध्याकडे येऊच.

सकाळी पाचला उठणाऱ्या बाबांच्या चुलीत रात्री साडेनऊपर्यंत साडेसोळा तासांची राख असते. दाब अगदी काठोकाठ. अशा वेळी सोफ्यावर लागलेली वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी म्हणजे पान वाढायच्या पाच मिनिटं आधी खाल्लेला मूठभर चिवडा. पोट भरत नाही, पण भूक मरते. सोफ्यावर बाबांची झोप झालेली नसते, नुसती झोपेची भूक मोडलेली असते.

दुपारी दोन तास ताणून देणाऱ्यांचंही तेच होतं. आता लगेच वामकुक्षीच्या बाजूने धावून येणारे पुणेकर मला दिसताहेत, तर त्यांच्यासाठी सांगतो. दुपारी एक ते तीनच्या सुमारास येणारी पेंग फक्त पुरणपोळीमुळे येत नाही. जेवण चुकवलेल्या माणसालाही ती येते, कारण शरीराच्या रोजच्या चक्रातच तिथे एक खळगा आहे. तेव्हा डावीकडे वळून वीस मिनिटं पडायला कोणाची हरकत नाही. पण दुकान चारपर्यंत बंद आहे म्हणून झोपही चारपर्यंत ओढली, तर ती रात्रीच्या खात्यातून वळती होते.

एसटीत टाकलेला रुमाल

चहा-कॉफी इथेच आडवी येते. लोकांना वाटतं, चहाने तरतरी येते म्हणजे अंगात काहीतरी जास्तीचं येतं. तसं काही येत नाही. ॲडेनोसिनला आपलं काम करायला मेंदूच्या पेशींवर ठरावीक जागा लागतात, बसायच्या सीटच म्हणा. कॅफीनची घडण ॲडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती, की ते त्याच सीटवर जाऊन बसतं. गणपतीच्या गर्दीत एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, अगदी तसं. ॲडेनोसिन गाडीत चढतं, पण त्याला उभं राहावं लागतं. ते बसलं नाही, म्हणून आपल्याला थकवा कळत नाही. राख मात्र साठतच असते. काही तासांनी रुमालवाले उतरले, की उभे असलेले सगळे एकदम बसतात. संध्याकाळी अचानक गळून गेल्यासारखं होतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

रुमालवाले उतरायला किती वेळ लावतात? साधारण पाच तासांत निम्मं कॅफीन शरीराबाहेर जातं. काहींचं लवकर जातं, काहींचं उशिरा, आणि गरोदर स्त्रियांचं तर फारच उशिरा. म्हणजे सहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री अकराला तुमच्यासोबत गादीवर असतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तर माणसांची झोप तासाहून अधिक घटली. ४०० मिलिग्रॅम म्हणजे चांगली चार कप कॉफी, हे खरं. चहात कॅफीन कमी असतं, हेही खरं. पण 'अर्धा कपच घेतो' म्हणणारी माणसं तो अर्धा कप दिवसातून किती वेळा घेतात, ते मी ऑफिसच्या टपरीवर मोजलेलं आहे. "मी कॉफी पिऊनही ढाराढूर झोपतो" म्हणणाऱ्यांना झोप लागते, याबद्दल वाद नाही. तिच्यातला गाढ भाग मात्र पातळ होतो, आणि ते झोपलेल्याला कसं कळणार?

लाजाळूचं घड्याळ

आता दुसरा. नुसत्या राखेवर काम चाललं असतं, तर रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी दहाला मध्यरात्रीपेक्षा जास्त झोप यायला हवी. अनुभव उलटा आहे. लग्नघरी जागरण केलेल्यांना विचारा. पहाटे चारला जीव नकोसा होतो आणि सनई वाजू लागली, सूर्य वर आला, की झोपेचा टिपूस नसताना तरतरी येते. राख वाढलेली, तरी झोप कमी. म्हणजे आणखी कोणीतरी सूत्रं हलवतंय.

त्याचा माग पहिल्यांदा लागला तो लाजाळूच्या झाडात. या झाडाची पानं दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात. १७२९ साली फ्रान्समधल्या द मेराँ या शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधारात ठेवून दिलं. ऊन दिसत नसतानाही पानं दिवसाच्या वेळी उघडत राहिली आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. झाडाच्या पोटात घड्याळ होतं.

माणसाचं बघायला १९३८ साली शिकागोचे नेथॅनिएल क्लाइटमन आपल्या एका तरुण विद्यार्थ्याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ गुहेत उतरले. ३२ दिवस तिथे ऊन नव्हतं, आणि गारठा बारा महिने एकसारखा. त्या काळोखात दोघांनी २८ तासांचा दिवस पाळायचा प्रयत्न केला. विद्यार्थ्याच्या शरीराने तो बराचसा स्वीकारला. क्लाइटमनसाहेबांचं अंग मात्र ऐकेना, त्यांच्या तापमानाची चढउतार २४ तासांच्या आसपासच होत राहिली.

आज हे घड्याळ नेमकं कुठे आहे ते माहीत आहे. दोन डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. तांदळाच्या दाण्याहूनही लहान. त्या पेशींमधली जनुकं एक प्रथिन बनवतात, ते पुरेसं साठलं की तेच स्वतःची निर्मिती थांबवतं, मग ते विरतं, आणि पुन्हा बनू लागतं. या एका फेरीला साधारण एक दिवस लागतो. फळमाशीत ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ सालचं नोबेल मिळालं.

मुख्य मुद्दा असा, की हे घड्याळ झोप थेट आणत नाही, ते आपल्याला जागं ठेवतं. दिवसभर एक रस्सीखेच चालू असते. राख झोपेकडे ओढते, घड्याळ जागेपणाकडे. राख जसजशी वाढते, तसतसं घड्याळही जोर वाढवतं, म्हणून संध्याकाळी सातला आपण पार कोसळत नाही. रात्री ठरलेल्या वेळी घड्याळ दोर सोडून देतं, आणि मग राखेला विरोध करायला कोणी उरत नाही. तोच झोपेचा दरवाजा.

यातून एक गंमत निघते. घड्याळाचा जोर सर्वांत जास्त असतो तो नेहमीच्या झोपेच्या दोन-तीन तास आधी. इस्राएलचे पेरेत्स लावी यांनी १९८६ साली या वेळेला झोपेचा निषिद्ध प्रदेश असंच नाव दिलं. रोज अकराला झोपणारा माणूस पहाटेची गाडी आहे म्हणून साडेआठला अंथरुणात शिरतो आणि तळमळतो, ते या प्रदेशात घुसल्यामुळे. गजर चार ठिकाणी लावून झालेला असतो, बॅगा दाराशी असतात, आणि डोळे टक्क उघडे. दोष गाडीच्या काळजीचा थोडा, दोराचा जास्त.

ट्यूबलाइट, मोबाइल आणि अंगण

हे घड्याळ अगदी बरोबर २४ तासांचं नाही. हार्वर्डमधल्या संशोधकांनी १९९९ साली मोजलं, तेव्हा ते सरासरी २४ तास ११ मिनिटं भरलं. रोज अकरा मिनिटं मागे पडणारं घड्याळ रोज जुळवावं लागतं, आणि जुळवायची किल्ली आहे उजेड. डोळ्याच्या पडद्यावर पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी एक जात आहे, तिचा छडा २००२ साली लागला. या पेशींचं मुख्य काम चित्र दाखवणं नाही, त्या उजेड किती आहे याची नोंद घड्याळाकडे पाठवतात. घरातलं विजेचं मीटर दिवा लावत नाही, युनिटं मोजतं, तसंच. निळसर उजेडाची युनिटं इथे जास्त पडतात.

संध्याकाळी मीटर थंडावलं, की घड्याळ मेलाटोनिन सोडायला परवानगी देतं. मेलाटोनिन म्हणजे झोपेचं औषध, हा गैरसमज दुकानातल्या गोळ्यांमुळे पसरला आहे. ती नुसती दवंडी आहे: रात्र झाली हो! उंदरांतही ते रात्रीच सुटतं, आणि उंदीर तर रात्रभर हुंदडतात.

आता बेसिनवरचा तो पांढरा दिवा आठवा. अर्धवट झोपेतला माणूस त्याच्यासमोर पाच मिनिटं उभा राहतो, म्हणजे दवंडी पिटणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवतो. मोबाइलला शिव्या सगळेच देतात, पण नुसत्या प्रकाशाच्या हिशेबात त्याचा वाटा खोलीतल्या दिव्यांपेक्षा कमीच असतो. झोपण्यापूर्वी चार तास टॅबलेटवर, तोही पूर्ण प्रखरतेने, वाचायला लावलेल्या माणसांना कागदी पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सरासरी दहा मिनिटं उशीर झाला, असं २०१५ सालचा एक गाजलेला प्रयोग सांगतो. दहाच मिनिटं. मोबाइल खरी झोप खातो ती त्याच्यातल्या मजकुराने. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून जुंपलेली असताना स्क्रीन कितीही पिवळी केली, तरी काय उपयोग?

यापेक्षा जास्त फरक सकाळ पाडते. दिवे लावलेल्या आपल्या खोल्यांत १०० ते ३०० लक्स उजेड असतो. बाहेर, अगदी ढगाळ आभाळाखालीही, काही हजार लक्स असतो, आणि भर उन्हात लाखापर्यंत जातो. सकाळी उठल्यावर अर्धा तास अंगणात, गच्चीत, निदान बाल्कनीत घालवला, की घड्याळ नीट जुळतं आणि रात्री दोर वेळेवर सुटतो. उठायची वेळ रोज तीच ठेवायची, हा त्याचाच दुसरा भाग. झोपायची वेळ माणसाच्या हातात नसते, उठायची असते. रविवारी अकराला उठलं की घड्याळ पश्चिमेच्या एखाद्या देशात जाऊन येतं, आणि सोमवारी पासपोर्टशिवाय परतताना त्रास होतो.

चाकण-रांजणगावात तिसरी पाळी करणाऱ्यांचं दुखणंही हेच आहे. सकाळी कंपनीच्या बसमधून घरी जाताना तोंडावर ऊन येतं, घड्याळ म्हणतं 'दिवस उजाडला', आणि मग पडदे ओढून झोपायचं. बसमध्ये गडद गॉगल लावणारा कामगार शायनिंग मारत नसतो. तो मीटर बंद ठेवत असतो.

काशाची वाटी

माझी आजी उन्हाळ्यात रात्री तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासायची. वाटी काळी पडायची, आणि आजी म्हणायची, "उष्णता निघाली बघ." वाटीचा काळेपणा म्हणजे तुपाची आणि धातूची आपसातली रासायनिक भानगड, अंगातली उष्णता काही तिथे दिसत नाही. पण तळपायाचा आणि झोपेचा संबंध आजीने बरोबर पकडला होता.

झोप लागण्यासाठी शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, रात्रभरात ते साधारण एक अंशाने खाली येतं. आतली उष्णता बाहेर टाकायची मुख्य खिडकी म्हणजे तळहात आणि तळपाय. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या, रक्त त्वचेपाशी आलं, की पाय गरम होतात आणि गाभा थंड होतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी १९९९ साली नेचर या पत्रिकेत नोंदवलं, की पाय जितके ऊबदार, तितकी झोप लवकर. घासल्याने, चोळल्याने, मोजे घातल्याने ही खिडकी उघडते. झोपण्याच्या एक-दोन तास आधी गरम पाण्याने अंघोळ केली, तरी तेच होतं: त्वचा तापते, मग अंग भराभर निवतं. ऐन झोपताना केली, तर मात्र निवायला वेळ मिळत नाही. मे महिन्यात मुंबईच्या दमट रात्री झोप तुटते, ती खिडकी उघडी असून बाहेरच गरम असल्यामुळे. तेव्हा पंखा पायांवर यायला हवा.

जायफळ घातलेल्या दुधाबद्दल लोक विचारतात. जायफळाबद्दल ठोस पुरावा माझ्या वाचनात नाही. दूध आवडत असेल तर प्यावं. रोज त्याच वेळी, त्याच पेल्यात घेतलेल्या कोमट दुधाचा उपयोग वेगळाच आहे, आणि तो गादीच्या गोष्टीत येईल.

पेंग, डुलकी, साखरझोप

झोप म्हणजे दिवा बंद, दिवा चालू असं नाही, हे आपल्या भाषेला यंत्रांच्या आधी ठाऊक होतं. पेंग येते, डोळा लागतो, गाढ झोप लागते, आणि पहाटेची ती साखरझोप. डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचे आलेख काढायला लागल्यावर शास्त्रज्ञांनाही जवळपास याच पायऱ्या सापडल्या. पेंग ही पहिली पायरी. या अवस्थेतून कोणाला उठवलं, तर बहुतेक जण 'मी जागाच होतो' असं अगदी प्रामाणिकपणे सांगतात. बाबा खोटं बोलत नसतात, हे मला तेव्हा कळलं. पुढे डोळा लागणं, मग संथ, उंच लाटांची गाढ झोप. वाढीचं संप्रेरक सर्वांत जास्त याच वेळी सुटतं आणि दिवसभरात शिकलेलं पक्क्या जागी हलवलं जातं.

साखरझोपेचा शोध मात्र एका बापाने लावला. शिकागोचा युजीन ॲसेरिन्स्की हा क्लाइटमन यांचाच विद्यार्थी. त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती तारा चिकटवल्या आणि रात्रभर यंत्रापाशी बसला. मुलगा झोपलेला, पण यंत्राची लेखणी जोरजोरात हलत होती. बंद पापण्यांखाली बुबुळं भिरभिरत होती. १९५३ साली हे प्रसिद्ध झालं. या झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच कामात असतो, ठसठशीत स्वप्नं इथेच पडतात (म्हणून ही स्वप्नझोप), आणि त्या स्वप्नांबरहुकूम आपण उठून पळू नये म्हणून हातापायांचे स्नायू ढिले पाडलेले असतात.

रात्रभरात या सगळ्या पायऱ्यांच्या चार-पाच फेऱ्या होतात, एक फेरी साधारण दीड तासाची. लोकलच्या फेऱ्यांसारख्या, स्टेशनं तीच. पण सुरुवातीच्या फेऱ्यांत गाडी गाढ झोपेच्या स्टेशनात खूप वेळ थांबते, पहाटेच्या फेऱ्यांत स्वप्नझोपेच्या. म्हणून आठ तासांतले शेवटचे दोन तोडले, तर हिशेबाला पाव झोप गेली असं दिसतं. स्वप्नझोप मात्र पाव नाही, फार मोठी जाते. दारूचं उलटं. रात्री दोन पेग घेणाऱ्याला झोप पटकन लागते, पण पहिल्या फेऱ्यांत स्वप्नझोप दाबली जाते आणि दारू उतरताना उरलेली रात्र तुकड्यातुकड्यांची होते.

प्रौढांना किमान सात तास झोप हवी, किशोरवयीनांना आठ ते दहा. सहावर भागवणारे अभिमानाने सांगतात, सवय झाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माणसांना चौदा रात्री सहा तासच झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष आणि प्रतिसाद यांची घसरण थेट एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी झाली होती. त्यांना स्वतःला मात्र थोडीशीच झोप येतेय असं वाटत होतं. सवय होते ती याची, कमी झोपेची नव्हे.

मुलांच्या बाबतीत आपल्याकडे निदान एक पाऊल पडलं. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. खरं तर घड्याळ उशिरा सरकतं ते वयात येणाऱ्या मुलांचं. सकाळी साडेसहाच्या क्लासला जाणारा दहावीतला मुलगा रोज आपल्या साखरझोपेच्या ऐन स्टेशनातून उतरवला जातो, आणि त्याला आळशी म्हटलं जातं.

चौकट: घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

*शहाळं पिताना मलई अडकली आणि आपण जोर लावून ओढलं, की स्ट्रॉ मधेच चपटी होते. झोपेत घशाचे स्नायू सैलावले, की श्वासमार्गाच्या वरच्या भागाचं असंच होतं. अरुंद जागेतून हवा थरथरत गेली की घोरणं ऐकू येतं. नळी पूर्ण मिटली, तर श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, आणि मेंदू दचकून क्षणभर जागा होतो. मोठा हुंकार येतो, पुन्हा घोरणं सुरू. काहींच्या बाबतीत हे तासाला तीस-तीस वेळा होतं आणि त्यांना त्यातलं काहीच आठवत नाही. आठ तास 'झोपूनही' दिवसा डुलक्या, सकाळी डोकं जड, हट्टी रक्तदाब ही त्याची लक्षणं. 'काय छान घोरतोय' असं म्हणण्यापूर्वी घोरणं मधेच थांबतं का, ते शेजारी झोपणाऱ्याने ऐकावं. थांबत असेल तर डॉक्टरांना सांगावं. झोपेची चाचणी होते, आणि हवेच्या दाबाने नळी उघडी ठेवणारं यंत्र मिळतं.*

अंथरूण घालणं आणि काढणं

आता त्या दहा मिनिटांकडे. राखेचा वरचा थर गेला, बेसिनच्या दिव्याने दवंडी थांबवली. पण तिसरी गोष्ट उरते, आणि माझ्या मते तीच सर्वांत भारी आहे.

कुकरची तिसरी शिट्टी झाली की भूक लागते. भात अजून पानात नसतो, पण शिट्टी आणि जेवण यांची गाठ मेंदूने मारून ठेवलेली असते. तशी गाठ गादीशीही बसते. वर्षानुवर्षं जो माणूस गादीवर पडून पंखा मोजतो, घड्याळ बघतो, 'आता तरी झोप लागली पाहिजे' म्हणत कूस बदलतो, त्याच्या मेंदूने गादी आणि तळमळ यांची गाठ मारलेली असते. उशीला डोकं लागलं, की मेंदू जागा होतो. सोफ्याचं असं काहीच नसतं. सोफ्यावर झोपायचं आहे असं बाबांच्या मनातही नसतं, म्हणून तिथे ती येते.

अमेरिकेचे रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली यावर जो उपाय सुचवला, तो आजही वापरात आहे. झोप डोळ्यांवर आल्याखेरीज गादीवर जायचं नाही. गादीवर झोपेखेरीज मोबाइल, हिशेब, भांडण यांतलं काही नाही. पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून दुसरीकडे बसायचं आणि पेंग आली की परतायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. याला इतर काही गोष्टी जोडून जी उपचारपद्धती झाली, ती जुनाट अनिद्रेसाठी झोपेच्या गोळ्यांच्या आधी वापरावी, असं अमेरिकेतल्या वैद्यांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं. आठवड्यातल्या तीनेक रात्री, तीन महिने असं चाललं असेल, तर डॉक्टरकडे जाऊन हीच पद्धत विचारावी.

"उठून दुसरीकडे बसा" हे वाचून मला हसू आलं होतं. डोंबिवलीत एका खोलीत पाच जण झोपतात, तिथे दुसरीकडे म्हणजे कुठे? पण तीच माणसं एक गोष्ट नकळत बरोबर करत आली आहेत. सकाळी गादी गुंडाळून कोपऱ्यात, रात्री जेवणं आटोपल्यावर केर काढून अंथरूण घालायचं. गादी दिवसा अस्तित्वातच नसते, त्यामुळे तिच्यावर लोळत मोबाइल बघणं नाही, अभ्यास नाही, रुसून पडणं नाही. ती दिसली म्हणजे झोप. दुधाचा तो पेला, देवापुढचा मंद दिवा, उशीच्या अभ्र्यावरून फिरवलेला हात, ही सगळी तिसऱ्या शिट्टीचीच कामं करतात. पलंग आले आणि गादी चोवीस तास पसरलेली राहू लागली, तेव्हा ही शिट्टी आपण घालवून बसलो.

आणखी एक. झोप ही विरजणासारखी आहे. दूध कोमट करायचं, चमचाभर दही घालायचं, ऊबदार जागी झाकून ठेवायचं, एवढंच आपल्या हातात. लागलं का, लागलं का, म्हणून दर अर्ध्या तासाने झाकण काढून ढवळलं, तर सकाळी पातेल्यात नुसतं आंबट पाणी.

बाबांना हे सगळं मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फक्त दोन गोष्टी केल्या. दात जेवण झाल्या-झाल्या घासून टाकायचे, आणि नऊ ते साडेनऊ सोफ्याऐवजी सोसायटीच्या आवारात शतपावली. साडेनऊला वर येतात ते थेट गादीवर. आई म्हणते, दहाच्या आत घोरायला लागतात, आणि घोरणं मधे थांबतं का ते ती आता कान देऊन ऐकते. नाही थांबत.

फक्त क्रिकेटची मॅच असली, की सगळं मोडतं. परवा दुसऱ्या डावाच्या सोळाव्या षटकात रिमोट सोफ्याच्या फटीत गेला. मी हळूच आवाज कमी केला.

"अरे, बघतोय मी!"

"किती झाले बाबा?"

पापण्यांखाली बुबुळं सावकाश फिरली. "तीन... तीन बाद..." आणि मान पुन्हा उजवीकडे कलली.